कपाटातला रिकामा खण

घटस्थापना आठवड्यावर आली की आपल्याकडे घरोघरी एक मोठे शुद्धिकार्य सुरू होते. भिंतींवरची जळमटे निघतात, फडताळातले डबे घासले जातात, देवघरातली तांब्यापितळेची उपकरणी चिंचेने उजळतात, आणि गोधड्या, सतरंज्या, चादरी यांचे ढीग धुण्यासाठी बाहेर पडतात. नाशिकच्या गोदाकाठी या दिवसांत स्नानार्थी भाविकांच्या जोडीने गोधड्या धुणाऱ्या बायाबापड्यांची रीघ लागलेली दिसते. घरात देवी बसणार, तेव्हा घरातली चिंधीसुद्धा पारोशी राहता कामा नये, अशी त्यामागची भावना. मात्र या सगळ्या धांदलीत घरातली एक वस्तू बहुधा तशीच राहते. तिच्यावरची धूळ पुसली जाते, तिच्या आरशावर ओला कागद फिरवला जातो. पण तिचे दार उघडून आत काय आहे ते नीट पाहण्याचे धाडस कोणी करीत नाही. ही वस्तू म्हणजे कपड्यांचे कपाट.

दार उघडले की आतले बोचके अंगावर येते, म्हणून हवे ते पातळ ओढून घ्यायचे आणि दार ढोपराने दाबून बंद करायचे, एवढाच आपला कपाटाशी वर्षभराचा व्यवहार. देवीचे माहात्म्य, घट बसविण्याचा विधी आणि उपवासाचे पदार्थ यांच्या शेजारी असला प्रापंचिक विषय पाहून काही वाचकांना नवल वाटेल. तथापि कपाट सुंदर कसे ठेवावे हा प्रश्न सजावटीचा म्हणून आपण बाजूला टाकला, इथेच आपली चूक होते असे मला वाटते. घरात कोणाला किती जागा आहे, कोणाच्या वस्तूंना मान आहे, मेलेल्यांचे आपण काय सांभाळतो आणि जिवंतांना काय देतो, हे सारे त्या दोन पत्र्याच्या दारांआड दिसते. तेव्हा तो गृहधर्माचाच विषय आहे.

अंबडचेच उदाहरण घेऊ. हे अंबड जालना जिल्ह्यातले मत्स्योदरी देवीचे नव्हे. नाशिक शहराला लागून असलेले, आणि आज महापालिकेच्या हद्दीत गेलेले. मूळचे हे शेतीभातीचे गाव. १९६२ साली राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे सातपूरपाठोपाठ अंबडलाही कारखान्यांची वसाहत उभी राहिली. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने शेजारीच नवीन नाशिक वसविले. एकेक करीत सहा योजना झाल्या. खानदेशातून, कसमादे भागातून, मराठवाड्यातून माणसे पोटासाठी आली आणि या लहान लहान घरांतून स्थिरावली. कोणी येताना कानबाई आणली, कोणी खंडोबाचे टाक आणले, कोणी आईने शिवलेली गोधडी आणली. एका पिढीने एका खोलीत संसार केला, दुसरीने वर मजला चढवला. घर वाढले तरी एक गोष्ट बहुतेक ठिकाणी वाढली नाही. लग्नात आंदण म्हणून आलेले, आरसा बसविलेले पत्र्याचे एक कपाट घरात होते आणि पुष्कळ घरांत आजही तेच एक आहे.

त्या कपाटाची वाटणी पाहावी. वरचा, कुलपाचा खण दागिने आणि कागदपत्रांचा. त्याखाली सासूबाईंच्या ठेवणीतल्या साड्या. मग घरधन्याचे लग्नातले सूट, जे आता अंगात शिरत नाहीत आणि टाकवतही नाहीत. मग मुलांची लहानपणची झबली, दुपटी, कुंच्या. तळाशी पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या चादरी, आणि भेट म्हणून आलेले, कोणाला तरी भेट म्हणूनच द्यायचे ठरलेले शर्टाचे व पातळांचे बंद खोके. अशा भरलेल्या कपाटाच्या घरात मुलाचे लग्न होते. सून उंबरठ्यावरचे माप ओलांडून येते, तिचे कौतुक होते, तिच्या हातून कुलदेवीची पूजा होते. आणि तिची बॅग पलंगाखाली जाते. ही बॅग पंधरा दिवसांनी उघडून कपाटात रिकामी होईल असे सगळेच गृहीत धरतात. पंधरा दिवसांचे सहा महिने होतात, पहिली मंगळागौर होते, दिवाळसण होतो, तरी ती पलंगाखाली वाकून आपली साडी काढीत असते. तिला कोणी मुद्दाम दुखवलेले नसते. कपाटात जागा नाही, एवढेच कारण सांगितले जाते आणि ते खोटेही नसते.

आपल्या भाषेत ‘खण’ या शब्दाला जे अर्थ आहेत ते इथे आठवतात. कपाटाचा कप्पा म्हणजे खण, चोळीचे कापड म्हणजे खण, आणि जुन्या घराच्या जागेचे मापही खणच. ‘चार खणांचे घर’ असे आपण म्हणत आलो. नवरात्रात आपण सवाष्णीची ओटी खणानारळाने भरतो. हा कापडाचा खण आपण इतक्या जणींना देतो, की तोच खण ओटीतून ओटीत फिरत वर्षाअखेर आपल्याच कपाटात परत येतो. पण जी घरात राहायला आली आहे तिला लाकडाचा किंवा पत्र्याचा एक खण द्यायला मात्र आपला हात आखडतो. अष्टमीला कुमारिकेचे पाय धुणाऱ्या, सवाष्णीच्या पायांवर डोके ठेवणाऱ्या घरांनी तरी याचा विचार करायला हवा.

हल्ली मासिकांतून, जाहिरातींतून आणि हातातल्या मोबाइलच्या पडद्यावरून सुंदर कपाटांची चित्रे येत असतात. काचेची दारे, आत दिवे, रंगाच्या उतरत्या क्रमाने टांगलेली वस्त्रे, पादत्राणांना वेगळा मांडव. कुठे तर कपड्यांसाठी एक अख्खी खोली. ती चित्रे पाहून अंबडच्या गृहिणीला आपल्या कपाटाची लाज वाटत असेल तर ती वाटू नये. हा थाट दुकानाकडून घेतलेला आहे. दुकानात वस्त्र मांडतात ते विकण्यासाठी, म्हणून त्याच्यावर उजेड पाडावा लागतो. घरात ते ठेवतात नेसण्यासाठी, आणि रेशमाला तर उजेड सोसतही नाही, त्याचा रंग उडतो. सौंदर्याला माझा विरोध नाही. दार उघडताच घड्या एका ओळीत दिसाव्यात, वाळ्याचा मंद वास यावा, हवे ते वस्त्र हात घालताच मिळावे, याहून सुखद दृश्य घरात क्वचितच असेल. पण या शोभेसाठी विकत काही आणावे लागत नाही. कपाटातून काही बाहेर जावे लागते.

अंबडहून मुंबई-आग्रा महामार्गाला लागले की पांडवलेण्यांचा डोंगर समोर दिसतो. पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचे स्मारक असल्यामुळे मुलाबाळांसह तिथे सगळेच जाऊन येतात. वरच्या लेण्यांतले शिलालेख वाचायला मात्र फारसे कोणी थांबत नाही. त्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षहरात नहपानाचा जावई उषवदात याचा एक लेख आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला हा दाता ब्राह्मणांना आणि देवांना गावे देणारा, नदीवर तीर्थ बांधणारा, आणि त्याच श्रद्धेने भिक्षुसंघाला लेणे देणारा होता. लेण्याबरोबर त्याने ३००० कार्षापणांची कायम ठेव ठेवली. ही रक्कम कोणाकडे ठेवली? गोवर्धन म्हणजे नाशिकजवळच्या गावातल्या कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे. २००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १००० दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचे नाही, व्याजच भोगायचे, अशी अट घातली. पहिल्या २००० चे व्याज वस्त्रांसाठी. त्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रद्रव्य मिळावे, असे त्यात कोरले आहे. हिशेब करून पाहावा. २००० वर दरमहा २० म्हणजे वर्षाचे २४०, आणि वीस भिक्षूंना बाराप्रमाणे बरोबर २४०. एक कवडी कमी नाही, जास्त नाही.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या या परिसरात वस्त्राचा विचार किती नेमका झालेला होता, हे पाहून मन थक्क होते. भिक्षूला तीनच वस्त्रे विहित होती. आश्विन पौर्णिमेला, म्हणजे आपल्या कोजागरीला, वर्षावास संपला की पुढच्या महिन्यात नव्या चीवरांचे दान व्हायचे. आपण संसारी माणसे. तीन वस्त्रांत आपले भागणार नाही आणि भागवावे असे कोणी म्हणतही नाही. सोवळे वेगळे, सणाचे वेगळे, कामाचे वेगळे, सुतकाचे वेगळे. परंतु वस्त्रांना संख्या असते, आणि ती माणसांकडे पाहून ठरवायची असते, एवढी एक गोष्ट त्या दगडावरून आपण घ्यायला हरकत नाही. आपल्या घरात किती माणसे आहेत हे आपल्याला ठाऊक असते. किती पातळे आहेत हे विचारले तर बहुतेकांना नुसते हसू येते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. कपाट लावायचे तर आधी ते पूर्ण रिकामे केले पाहिजे. एक खण काढून तोच पुन्हा भरणे म्हणजे केर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सारणे. एखाद्या कोरड्या दिवशी सकाळी पलंगावर जुने लुगडे अंथरून त्यावर सगळे काढावे. पावसाळा नुकताच सरलेला असतो. पत्र्याच्या कपाटात दमट हवा कोंडलेली असते, तळाला गंजाचे ठिपके पडलेले असतात. तो तळ कोरड्या फडक्याने पुसून, दारे दोन-चार तास सताड उघडी ठेवावीत. गोधड्या, लोकरीचे कपडे, सुती चादरी यांना आश्विनातले कडक ऊन चांगले. रंगीत रेशमाला उन्हात टाकू नये, सावलीत वाऱ्यावर पसरावे.

ठेवणीतल्या पैठणीबद्दल दोन शब्द अधिक लिहितो, कारण आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्याचे ते वैभव आहे आणि आपल्याच घरांतून ते अज्ञानाने नासते. मागावर जो पदर विणायला महिने लागतात, ज्यावर मोर, मुनिया, आसावलीची वेल एकेक धागा मोजून उतरवलेली असते, तो आपण दुकानाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दहा वर्षे विसरतो. प्लॅस्टिकमध्ये ओल अडकते. रेशमाला कुबट वास लागतो आणि जर काळवंडते. जुन्या जरीत चांदीची तार असते, चांदी काळी पडणारच. म्हणून पैठणी धुवट, मऊ, पांढऱ्या सुती कापडात गुंडाळावी. आजोबांचे जुने धोतर याला सर्वांत उत्तम. दर तीन-चार महिन्यांनी ती उघडून घडी बदलावी, नाहीतर मोडीवरच रेशीम चिरते. नेसून आल्यावर अंगच्या घामासकट ती लगेच कपाटात कोंबू नये, रात्रभर वाऱ्यावर राहू द्यावी. डांबराची गोळी जरीला टेकता कामा नये. त्यापेक्षा वेखंडाचे तुकडे, लवंगा किंवा वाळलेला कडुनिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवणे बरे. आपल्या आज्यांना हे सगळे माहीत होते. आणि सर्वांत मोठी काळजी म्हणजे ती नेसणे. वर्षातून एकदा अंगावर येणारी पैठणी नुसत्या ठेवलेल्या पैठणीपेक्षा जास्त टिकते, कारण नेसायच्या निमित्ताने तिला हवा लागते, तिची घडी मोडते आणि कसर लागली असेल तर ती वेळीच दिसते.

सोवळ्याची जागा पूर्वी ठरलेली होती. उंच दांडीवर, कोणाचा स्पर्श होणार नाही असे कद, मुकटा, धाबळी वाळत असत आणि काठीने ती उतरवली जात. सिडकोच्या घरात दांडीही नाही आणि उंचीही नाही. तेव्हा कपाटाचा एक वरचा खण सोवळ्याला द्यावा. पूजेचा पीतांबर, उपरणे, देवाची आसने, घटाखालचे वस्त्र, आरतीचे रुमाल, सगळे एका ठिकाणी. सणाच्या पहाटे ‘माझा कद कुठे आहे?’ म्हणून जी आरडाओरड होते आणि जिच्यामुळे पूजेला बसण्याआधीच मन विटते, ती तरी थांबेल.

त्याचबरोबर अंबडच्या घरात आणखी एका वस्त्राचा मान राहून जातो, तो कारखान्याच्या गणवेशाचा. तीन पाळ्यांत काम करणाऱ्या माणसाचा हा निळा किंवा राखाडी सदरा बहुधा दारामागच्या खिळ्यावर लोंबत असतो. खंडेनवमीला याच कारखान्यातल्या यंत्रांना आपण झेंडूच्या माळा घालतो, हळदकुंकू वाहतो. घरी येऊन जेवतो ते त्या यंत्राच्या कृपेने, हे आपण मानतो. मग त्या यंत्रापुढे आठ तास उभे राहणाऱ्या कपड्याला धुऊन, इस्त्री करून ठेवायला कपाटात एक हक्काची जागा नको का? पीतांबराला चिकटून तो ठेवा असे कोणी म्हणणार नाही. खालचा खण द्या, पण द्या. आता या वसाहतीतून कामाला जाणाऱ्या मुली आणि सुनाही आहेत. त्यांचे गणवेशही याच हिशेबात धरले पाहिजेत.

नवरात्राच्या नऊ रंगांविषयी न लिहिणे बरे दिसणार नाही. ही प्रथा या शतकाच्या आरंभी वर्तमानपत्रांनी रुजवली. तिला पुराणांचा आधार शोधत बसण्यात अर्थ नाही, आणि केवळ नवी म्हणून तिची टवाळी करण्यातही नाही. कचेरीतल्या, बँकेतल्या, कारखान्यातल्या बायका एका दिवशी एका रंगात येतात, एकमेकींना हसून दाद देतात, यात देवीला न आवडण्यासारखे काय आहे? मात्र त्यापायी दर आश्विनात एक-दोन नवी पातळे येतात आणि ती पुढच्या आश्विनापर्यंत दिवस पाहत नाहीत, हा भार कपाटावर आणि पगारावर पडतो. जावाजावांनी, शेजारणींनी आपापसांत नऊ दिवस पातळे फिरवावीत. एकीचे हिरवे दुसरीने नेसले म्हणून दोघींपैकी कोणाचेही काही उणे होत नाही. पूर्वी डोहाळजेवणाला, मंगळागौरीला शेजारणीची साडी हक्काने मागून नेसण्याची रीत होतीच.

सगळे काढून झाले, झटकून झाले, की पलंगावर काही वस्त्रे अशी उरतात ज्यांना हात लावायला मन धजत नाही. बहुतेक घरांत ती गेलेल्या आईची किंवा सासूची असतात. तिची इरकल, तिची संक्रांतीची चंद्रकळा, तिच्या रोजच्या वापरातली दोन सुती लुगडी. बारा वर्षे झाली, मुलगा ती टाकू देत नाही आणि उघडूनही पाहत नाही. त्या गाठोड्याने एक अख्खा खण अडवलेला असतो, आणि तोच बहुधा सुनेला हवा असलेला खण असतो. हा प्रश्न नीटनेटकेपणाच्या नियमांनी सुटणारा नाही, आणि ‘जुने ते फेकून द्या’ असे सांगणाऱ्यांनी इथे गप्प बसावे हे उत्तम. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात देह बदलण्याला जीर्ण वस्त्राचा दृष्टान्त दिला आहे. तो आपण तेराव्याच्या दिवशी ऐकतो, मान डोलावतो, आणि घरी येऊन तिची वस्त्रे कुलपात ठेवतो. माया आहे, ती अशीच वागणार.

पण आपल्या पंचांगानेच यासाठी वेळ राखून ठेवली आहे, असे मला दिसते. नवरात्राच्या आधी पितृपक्ष येतो. या पंधरवड्यात नवे वस्त्र घेऊ नये अशी रूढी आहे, आणि पितरांच्या नावे वस्त्रदान करावे असेही सांगितले आहे. म्हणजे पंधरा दिवस घरात कापड येण्याचे दार बंद आणि जाण्याचे दार उघडे! कपाट रिकामे करण्याला याहून योग्य पर्व कोणते? तिच्या तिथीला ते गाठोडे सगळ्यांनी मिळून उघडावे. एक लुगडे तिच्या लेकीला द्यावे, एक सुनेला. मऊ सुती लुगड्यांची नातवंडासाठी गोधडी शिवावी, म्हणजे आजीची ऊब घरातच राहील. एखादी साडी तिच्या नावाने, सोवळ्याच्या खणात, देवाजवळ राहू द्यावी. उरलेली, नेसण्याजोगी असतानाच, कोणा गरजू बाईच्या हातात आदराने द्यावी. सर्वपित्री अमावास्येपर्यंत हे झाले तर दुसऱ्या दिवशी घट बसताना तो खण मोकळा असेल.

‘नेसण्याजोगी असतानाच’ हे शब्द मी मुद्दाम लिहिले. वस्त्रदानाच्या नावाखाली आपण जे काही बाहेर काढतो ते पाहिले तर मान खाली जाते. बटणे तुटलेले सदरे, नाडी नसलेले परकर, डाग गेले नाहीत म्हणून नकोसे झालेले फ्रॉक. कठोपनिषदातल्या वाजश्रवसाने यज्ञात अशाच गाई दान दिल्या, ज्यांचे पाणी पिऊन झाले, गवत खाऊन झाले, दूध देऊन झाले. ते पाहून लहानग्या नचिकेताच्या मनात जी श्रद्धा जागी झाली तिच्यातून पुढचे सगळे उपनिषद उभे राहिले. आपल्या घरातले नचिकेतेही पाहत असतात. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि अनादराने दिलेल्या दानाला तिथे तामस म्हटले आहे. फाटके द्यायचे असेल तर त्याला दान म्हणू नये. बोहारणीला द्यावे आणि पातेले घ्यावे, तो सरळ व्यवहार आहे आणि त्यात तिचेही पोट चालते. उरलेल्याची पायपुसणी करावीत. पण जुने कपडे गाठोडे बांधून रामकुंडात किंवा पुलावरून गोदेत सोडून द्यायचे, यात दानही नाही आणि धर्मही नाही.

देवीच्या घरचा शिरस्ता पाहावा. वणीच्या गडावरच्या सप्तशृंगीची मूर्ती एवढी भव्य, अठरा हातांची, की तिला अकरा वार साडी आणि चोळीला तीन खण लागतात. भक्त साड्या वाहतात त्यांना तर गणतीच नाही. कोल्हापूरच्या अंबाबाईला नवरात्रात तिरुपतीहून मानाचा शालू येतो. आई म्हणून हे सगळे ती आपल्या कपाटात भरून ठेवीत बसली असती तर गाभारा केव्हाच भरून गेला असता. कोल्हापुरात तिला वाहिलेल्या साड्या प्रसाद म्हणून भाविकांकडे जातात, आणि तो मानाचा शालूही लिलावातून कोणा भक्ताच्या घरी जातो. जगन्मातेच्या अंगावरून उतरलेले वस्त्र असे पुढे जाते.

आणि भरलेल्या कपाटाची आपल्याकडची सर्वांत जुनी गोष्ट तर घराघरांत ठाऊक आहे. १९५३ च्या ‘श्यामची आई’ चित्रपटामुळे ती नव्या पिढीलाही गाण्यातून कळली. कृष्णाचे बोट कापले, रक्त थांबेना, चिंधी हवी होती. नारद धावत सुभद्रेकडे गेला. ती सख्खी बहीण. तिच्याकडे शालू होते, पैठण्या होत्या, पण चिंधी काही सापडेना. द्रौपदीने शोधाशोध केलीच नाही. अंगावरचे भरजरी वस्त्र फाडून दिले. या गोष्टीत आपण नेहमी द्रौपदीचे प्रेम पाहतो आणि ते योग्यच आहे. पण मला सुभद्रेचीही कीव येते. तिचे मन वाईट नव्हते. इतके वस्त्र घरात असून वेळेला भावाच्या बोटापुरते कापड तिला देता आले नाही, यात तिच्या कपाटाचाही काही दोष असावा.

एक सूचना राहिली. हे काम एकट्या गृहिणीवर टाकू नये. घरधन्याने आपले न होणारे सूट स्वतःच्या हाताने बाहेर काढावेत. बायकोने काढले तर त्यावरून वाद होतो आणि ते पुन्हा आत जातात. सासूबाईंनी कोणता खण सुनेचा ते सर्वांदेखत सांगावे, आणि किल्लीची एक प्रत तिच्याकडे द्यावी. त्या खणात सुनेने काय ठेवावे, कसे ठेवावे, हे मग कोणी पाहू नये. तळाशी अंथरायला जुनी वर्तमानपत्रे चालतात. पुढच्या आठवड्यात हे पानही खुशाल वापरावे. रेशमाच्या खाली मात्र ते घालू नये, छपाईची शाई उतरते.